तीन कमिशनर आणि प्रभागाची सीमा

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॅन हुआन काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे 20,500 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठे. लोकसंख्या मात्र 2010 च्या जनगणनेत अवघी 14,746. त्यातले निम्म्याहून किंचित जास्त मूलनिवासी, बहुतेक नावाहो. कारभार तीन कमिशनरांच्या हाती. हे सरकारने नेमलेले अधिकारी नव्हेत, लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत. ठराव तेच करतात आणि अंमलही तेच करतात. तिघांपैकी दोघांचे जमले की काउंटी त्यांची. आणि 2018 पर्यंत तीनपैकी दोन जागा नावाहोंना एकदाही मिळाल्या नव्हत्या.

युटात राखीव प्रदेशातल्या मूलनिवासींना मतदानाचा मार्ग मोकळा झाला तोच 1957 मध्ये. पुढेही कमिशनर संपूर्ण काउंटीतून निवडले जात. केंद्र सरकारने 1983 मध्ये खटला भरल्यावर तीन प्रभाग पडले आणि 1986 मध्ये मार्क मेरीबॉय हे पहिले नावाहो कमिशनर झाले. पण एकटेच.

याचे कारण हिशेबात दिसते. 2011 च्या प्रभागरचनेत तिसऱ्या प्रभागात मूलनिवासी जवळपास 93 टक्के, उरलेल्या दोहोंत 30 टक्क्यांच्या आसपास. एका प्रभागात साधारण 4,915 माणसे धरा. तिसऱ्या प्रभागात निम्म्यापेक्षा सुमारे 2,100 मूलनिवासी जास्त. उरलेल्या दोन प्रभागांत निम्म्याला मिळून सुमारे 2,000 कमी. एकीकडची शिल्लक आणि दुसरीकडची तूट जवळजवळ सारखी! लोक तेवढेच, पण एकाच प्रभागात कोंबल्यामुळे त्यांची दुसरी जागा गेली. तिसऱ्या प्रभागाची सीमा 1986 पासून हललीच नव्हती, आणि 2011 मध्येही ती तशीच ठेवली गेली.

नावाहोंचे स्वतःचे शासन असलेल्या नावाहो नेशनने 2012 मध्ये या रचनेविरुद्ध दावा दाखल केला. न्यायाधीश रॉबर्ट शेल्बी यांनी ही रचना वंशाच्या आधारावर केलेली ठरवून रद्द केली. काउंटीने दिलेले नवे आराखडेही नाकारले आणि डिसेंबर 2017 मध्ये तज्ज्ञाकडून आखून घेतलेले प्रभाग लागू केले. आता मूलनिवासींचे प्रमाण सुमारे 11, 65 आणि 80 टक्के झाले.

नकाशा दुरुस्त झाला तरी मतपेटीपर्यंत पोहोचणे हा वेगळाच प्रश्न होता. काउंटीने 2014 मध्ये टपाली मतदान सुरू केले होते. नावाहो ही मुख्यतः बोलण्यातली भाषा; इंग्रजी न वाचता येणाऱ्या आजीच्या हाती इंग्रजी मतपत्रिका पडली, तर ती कोणाला विचारणार? नावाहोत समजावून सांगणारा दुभाषी मतदान केंद्रावर भेटतो, टपालाच्या लिफाफ्यात नाही. यावरूनही दावा झाला आणि 2018 च्या तडजोडीत राखीव प्रदेशात प्रत्यक्ष मतदानाची तीन केंद्रे मान्य झाली. मला ही तडजोड नव्या नकाशाइतकीच मोलाची वाटते.

त्याच वर्षी विली ग्रेआइज आणि केनेथ मेरीबॉय निवडून आले, आणि काउंटीत प्रथमच नावाहो बहुमत झाले. त्याचा परिणाम लगेच दिसला. काउंटीतल्याच बेअर्स इअर्स या राष्ट्रीय स्मारकाला आधीच्या मंडळाचा विरोध होता; 2019 मध्ये नव्या मंडळाने ती भूमिका बदलली.

2022 मध्ये दुसऱ्या प्रभागात ग्रेआइज हरले, सिल्व्हिया स्टब्स निवडून आल्या. लोकसंख्येतले बहुमत दर निवडणुकीत मतांमध्ये उतरतेच असे नाही. पण हा पराभव मतदारांनी केला. 2011 च्या रचनेत दुसऱ्या जागेचा निकाल सीमा आखतानाच जवळपास लागला होता.