खिडकीचे स्थान आणि कळफलकाचा अधिकार

संगणकाच्या पडद्यावर नवी खिडकी उघडली म्हणजे दोन प्रश्न उपस्थित होतात. ती कोठे बसावी, हा पहिला. आणि यापुढे कळफलकावरील अक्षरे कोणत्या खिडकीकडे जावीत, हा दुसरा. या दुसऱ्यासच फोकस म्हणतात. हे दोन्ही निर्णय मुळात स्वतंत्र आहेत, आणि ते स्वतंत्रपणेच करावयास हवेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

टायलिंग विंडो मॅनेजर या वर्गातील प्रणाली खिडक्या एकमेकींवर न रचता शेजारी शेजारी बसवितात. मावळातील भातखाचरांचे उदाहरण येथे चपखल बसते. खाचरात नवा बांध घातला की एकाची दोन खाचरे होतात. बांध मोडला की ती पुन्हा एक होतात. जमीन मात्र तेवढीच राहते. तद्वत नवी खिडकी येताच जुनीचे क्षेत्र विभागले जाते. १९८५ सालच्या विंडोज १.० मध्येही मुख्य खिडक्या अशाच लागून बसत. पुढे लिनक्सवर डी-डब्ल्यू-एम (२००६), एक्स-मोनाड (२००७) व आय-३ (२००९) यांनी ही पद्धती कळफलकप्रधान केली. पुढील विवेचन आय-३ला अनुसरून आहे.

स्थानाचे नियम खिडकीच्या ओळखीवर आधारलेले असतात. ‘एक्सप्रॉप’ ही आज्ञा देऊन खिडकीवर टिचकी मारली असता तिचा ‘क्लास’ कळतो. नियम या क्लासवर बांधावा, शीर्षकावर बांधू नये. कारण उघडलेल्या पानागणिक शीर्षक बदलते, क्लास सहसा बदलत नाही. ‘असाइन’ या नियमाने विशिष्ट क्लासची खिडकी ठरावीक कार्यपटलावर जाते; ‘फॉर विंडो’ने तिला तरंगती ठेवण्यासारखी आज्ञा देता येते.

आता फोकसकडे वळू. समजा, वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेल्या ‘इंद्रायणी’ या भाताच्या जातीवर एखादा विद्यार्थी मराठीत प्रबंध लिहीत आहे. एवढ्यात शेजारी दुसरी खिडकी उघडते, फोकस तिकडे जातो, आणि अर्धे वाक्य आज्ञापटलात उमटते. त्यातच ‘एंटर’ दाबला गेला तर अनभिप्रेत आज्ञा अंमलात येण्याचा धोका असतो. देवनागरी लिहिणाऱ्यास आणखी एक अडचण आहे. एक्स प्रणालीत इनस्क्रिप्ट की इंग्रजी ही कळफलकाची निवड सर्व खिडक्यांस सामाईक असते; ‘केबीडीडी’सारखा साहाय्यक कार्यक्रम ती खिडकीगणिक लक्षात ठेवतो. परंतु पहिल्या व्यवस्थेत परक्या खिडकीत देवनागरी अक्षरे पडतात, दुसरीत रोमन. चुकलेला फोकस दोहोंपैकी एकीनेही सावरत नाही.

यावरील उपाय तीन आहेत. ‘नो फोकस’ या नियमाने निवडक क्लासची नवी खिडकी उघडूनही फोकस जागचा हलत नाही. मात्र कार्यपटलावरील पहिल्याच खिडकीस हा नियम लागत नाही. शिवाय आधी उघडलेला कार्यक्रम पुढे स्वतःहून फोकस मागू शकतो. तेथे ‘फोकस ऑन विंडो ॲक्टिव्हेशन’ हे स्वतंत्र कलम पाहावे लागते. मूळ योजनेप्रमाणे मागणी करणारी खिडकी दृश्य कार्यपटलावर असेल तर तिला फोकस मिळतो, अन्यथा तिच्यावर केवळ निकडीची खूण होते. हे कलम ‘अर्जंट’ ठेवल्यास सर्वत्र खूणच होते. तिसरे असे की, माउसचा बाण ज्या खिडकीवर जाईल तिला फोकस देणे ही आय-३ची मूळ योजना आहे. हाताच्या धक्क्याने बाण सरकत असल्यास ती बंद करावी.

मात्र सरसकट सर्व क्लासांना ‘नो फोकस’ लावणे इष्ट नव्हे. आपण स्वतः उघडलेल्या खिडकीत लगेच लिहिता यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. म्हणून जी खिडकी न बोलाविता येते, तिच्यापुरताच हा निर्बंध असावा.

सारांश, पडद्यावर जागा मिळणे हा एक हक्क आणि लिहिणाऱ्याची अक्षरे स्वीकारणे हा दुसरा. पहिला कार्यक्रमास देण्यास हरकत नाही. दुसरा लिहिणाऱ्याच्याच हाती राहिला पाहिजे.