काम मागण्याचा हक्क

वऱ्हाडात कापसाची वेचणी आटोपते, जिनिंग थंडावतात आणि होळीनंतर शेतमजुराच्या हाताला काम उरत नाही. धारणी, चिखलदऱ्याची कोरकू कुटुंबं परगावी निघतात. त्यात मंदी आली की पुण्याहून परतलेली पोरंही घरी बसतात आणि दोष स्वतःलाच देतात. हा दोष त्यांचा नाही, आणि महाराष्ट्रानं ते कायद्यानं मान्य केलेलं आहे.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. म्हणजे खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी मुंबईचा कारकून भरत होता. मला ही या राज्याची सर्वांत मोठी कमाई वाटते. २००५ चा केंद्रीय कायदा याच अनुभवातून आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात अमरावती जिल्हा होता.

हमीची गोम मागणीत आहे. ग्रामपंचायतीत नुसतं तोंडी सांगून भागत नाही. अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घ्याच. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा दावा त्या पोचेवरच उभा राहतो.

शिकलेल्यांनी जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवावं, पण तेवढ्यावर थांबू नये. नवी तूर बाजारात आली की अकोल्याच्या डाळ मिलला माणसं लागतात. तिथं चौकशी हंगामाआधीच करावी.