कुंभाराचे चाक आणि कारागिराचे स्वातंत्र्य

बलुतेदारीच्या व्यवस्थेत कुंभार हा गावगाड्याचा आवश्यक घटक होता. गाडगी, मडकी, रांजण, पणत्या त्याने पुरवाव्यात आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जे धान्य मिळेल ते पदरात घ्यावे, असा रिवाज होता. कष्टाचे मोल ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. पुढे अ‍ॅल्युमिनियम, स्टील आणि प्लॅस्टिक खेडोपाडी पोहोचले. बलुते संपले, अवजारे मात्र तीच राहिली. म्हणून कारागिरांच्या प्रशिक्षणाचा आणि सुधारित साधनांचा प्रश्न हा प्रथम मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

जुने जड चाक काठीने फिरवायचे, गती ओसरण्यापूर्वी उकिडवे बसून भांडे घडवायचे आणि पुन्हा काठी उचलायची, यात कारागिराची कंबर व खांदे झिजतात. माती कुटणे, चाळणे, भिजवणे, तुडवणे या कामांचा मोठा भार घरातील स्त्रियांवर असतो. तरी अनेक ठिकाणी रूढीने त्यांना चाकावर बसू दिले जात नसे. विजेच्या चाकाची गती एकसारखी राहते. माती मळण्याचे यंत्र तुडवण्याचे श्रम वाचवते. अंगबळाची सबबच उरत नाही, तेव्हा त्या रूढीलाही आधार राहत नाही. भट्टीचेही तसेच. उघड्या आव्यातील बरीच उष्णता हवेत जाते. काही भांडी कच्ची राहतात, काही तडकतात. बंदिस्त भट्टीत आच अधिक सारखी लागते आणि जळण वाचते.

हे शिकविण्याच्या सोयी आहेत. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार, चर्मकार, टोपल्या-झाडू विणणारे यांच्यासह 18 व्यवसाय समाविष्ट आहेत. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, प्रतिदिन 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे.

मात्र ही योजना कुटुंबातून चालत आलेल्या पारंपरिक व्यवसायांवर उभी आहे आणि एका कुटुंबातील एकाच व्यक्तीची नोंदणी होते. माती तुडवणाऱ्या स्त्रीचे नाव कागदावर येणार की नाही, हे आपण विचारले पाहिजे. 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते आणि व्यवसाय बदलू न दिल्याने बेकारी वाढवते. त्याच बाबासाहेबांनी 1945 साली यंत्राचा पुरस्कार केला. कारण यंत्र माणसाला पशुवत कष्टांतून सोडवते, फुरसत देते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. आमच्या मते सुधारित चाकाची खरी कसोटी येथेच आहे. वाचलेला वेळ कुंभाराच्या मुलीला शाळेत नेतो काय? आणि ज्याला हे कौशल्य आवडते, त्याला जात न विचारता ते शिकता येते काय?

अवजार मिळाले तरी गिऱ्हाईक लागतेच. 2004 साली रेल्वे स्थानकांवर कुल्हड आणण्याचा निर्णय झाला, पण तो प्रयोग टिकला नाही. आज या बाबतीत आपले माजी विद्यार्थी पुष्कळ करू शकतील. जे बँकेत आहेत त्यांनी कर्जाचा अर्ज समजावून द्यावा. जे शिक्षक आहेत त्यांनी माती, जळण, वीज आणि मजुरी धरून किंमत कशी काढावी ते शिकवावे. विहारांनी आणि वसतिगृहांनी माठ व पणत्या थेट कारागिराकडून, घासाघीस न करता घ्याव्यात. कुंभाराच्या मुलाने चाकावर बसावे किंवा प्रयोगशाळेत जावे. तो निर्णय त्याचा स्वतःचा असावा, एवढे पाहणे आपले कर्तव्य आहे.