पैठणचे गृहस्थाश्रमी नाथ

आज फाल्गुन वद्य षष्ठी. शके १५२१ मध्ये याच तिथीस श्रीएकनाथमहाराजांनी पैठण येथे गोदामाईच्या काठी देह ठेविला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह, गुरुशिष्यांची पहिली भेट आणि स्वामींचे निर्वाण, ही चारही पर्वे याच तिथीची, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

संतचरित्रांत वैराग्याच्या कथा पुष्कळ आहेत. नाथांचे वेगळेपण असे की, त्यांचा परमार्थ माजघरात आणि पाकशाळेत घडला. आईबापांचे छत्र बालपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी यांनी वाढविले. देवगिरीस गुरुसेवेत ज्ञान लाभल्यावर जनार्दनस्वामींनी त्यांना अरण्यात धाडिले नाही. गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली. तो संसार गिरिजाबाईंनी तितक्याच तोलामोलाने उचलला. श्राद्धाचे सिद्ध अन्न नाथांनी दारच्या भुकेल्यांना वाढविले, ही कथा आपण ऐकतो. परंतु त्यानंतर पुन्हा चूल पेटवून सारा स्वयंपाक नव्याने करणारे हात गिरिजाबाईंचे होते, हे आपण विसरतो. समाज ज्यांना शिवत नसे अशा घरचे लेकरू वाळवंटात चटक्यांनी रडताना नाथांनी कडेवर घेतले, तेही बापाच्याच मायेने.

याच घरी गावबा नावाचा एक पोर पुरणपोळीच्या ओढीने आला आणि घरचाच झाला. लोक त्याला वेडगळ समजत. पुढे ‘भावार्थरामायण’ युद्धकांडात असताना नाथांनी देह ठेविला आणि उरलेला ग्रंथ या गावबाने पूर्ण केला.

पोटचा पुत्र मात्र रुसून गेला. हरिपंडित शास्त्रांत निष्णात होते. पित्याने प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. ते काशीस निघून गेले. महिपतिबुवांनी ‘भक्तलीलामृता’त ही कथा विस्ताराने गायिली आहे. ज्या काशीत नाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, आपले मराठी भागवत पुरे केले, त्याच काशीत पुत्र मराठीवर रुसून बसला!

नाथ वृद्ध झाले होते. ते स्वतः पुत्रास आणावयास गेले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या: प्राकृत सांगावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करणाऱ्या त्या महापुरुषापाशी उत्तरे नव्हती असे कोण म्हणेल? त्यांनी वाद केला नाही. दोन्ही अटी मान्य केल्या आणि मुलाला घरी आणिले.

पैठणात मग हरिपंडित संस्कृतातून पुराण सांगू लागले आणि श्रोते हळूहळू ओसरले. अशात एका गरीब बाईने सहस्रभोजनाचा संकल्प फेडण्यासाठी नाथांना जेवावयास बोलाविले. नाथांनी तिला पुत्राकडे पाठविले. हरिपंडितांनी स्वतः तिच्या घरी स्वयंपाक केला, नाथ जेवले आणि त्यांनी पुत्रास उष्टी पत्रावळ उचलण्यास सांगितले. एक उचलावी तो खाली दुसरी; अशा सहस्र पत्रावळी निघाल्या. हरिपंडितांचा अभिमान तेथेच गळाला आणि त्यांनी पित्यास दोन्ही अटींतून मोकळे केले.

सज्जनहो, प्रस्तुत लेखकाचे आयुष्य संस्कृत ग्रंथांच्या सहवासात गेले. तरुणपणी हे आख्यान लावताना माझे मन गुपचूप हरिपंडितांच्या बाजूला असे. एकदा कीर्तनानंतर एक वृद्ध माउली नमस्कारास वाकली आणि म्हणाली, “बुवा, श्लोक फार गोड म्हटलेत. पण आम्हांला काय सांगितलेत?” त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून श्लोकाचा अर्थ शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचल्याखेरीज मी पुढचे पद उचलीत नाही.

परंतु आता साठी उलटल्यावर या कथेतील पत्रावळींपेक्षा मला त्या आधीचा मार्ग मोठा वाटतो. पैठणाहून काशी किती दूर! त्या वाटेने एक वृद्ध पिता चालला आहे. आपले म्हणणे खरे आहे हे त्याला ठाऊक आहे आणि तरीही पुत्रापुढे ते मागे ठेवावयाचे, असा त्याच्या मनाचा निश्चय आहे. नाथांची शांती आपण यवनाच्या कथेत पाहतो. तेथे थुंकणारा परका होता. येथे दुखविणारा पोटचा होता. घरच्या माणसाशी शांत राहणे किती कठीण, हे प्रत्येक गृहस्थ जाणतो.

आणि त्या शांतीचे फळ पाहा. नाथांच्या पश्चात त्यांच्या पादुका आषाढी वारीस पंढरपुरी नेण्याचा प्रघात हरिपंडितांनीच घातला, असे परंपरा सांगते. जो पुत्र पित्याला सोडून काशीस गेला, तोच पित्याच्या पादुका घेऊन पंढरीची वाट चालला.

आज घरोघरी नाथांना नैवेद्य दाखविला जाईल. ज्या घरातून कोणी रुसून गेले असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी आज एक पान अधिक मांडावे आणि त्याला बोलावून आणावे. कोण बरोबर, कोण चूक, हे जेवण झाल्यावर पाहता येईल. नाथांच्या घरी तरी तोच क्रम होता.

॥ श्रीएकनाथमहाराजार्पणमस्तु ॥