जुन्नरची वाट आणि कॅमेऱ्याची साक्ष

पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. निदान चित्रात तरी खासच. पण त्या दरवाजातून आत गेले म्हणजे काय दिसते? इमारतींची जोती, कारंज्यांची कुंडे आणि हिरवळ. आतले महाल १८२८ सालच्या आगीत जळून गेले. छायाचित्र काढण्याची कृती पॅरिसमध्ये जगापुढे मांडली गेली ती १८३९ साली. अवघी अकरा वर्षे मध्ये गेली, आणि पेशव्यांचा वाडा आतून नेमका कसा दिसे, हे दाखवणारे एकही छायाचित्र आपल्याजवळ नाही. कागदपत्रे आणि वर्णने आहेत, पण साक्षात रूप नाही.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. प्रवासाला निघालो की आपण फोटो काढतोच. आता तर खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या खिशातही मोबाइल असतो. मग तो फोटो नुसती मौज न राहता पुढच्या पिढीसाठी साक्षीचा कागद कसा होईल, ते पाहू.

आपल्याकडे ही कला फार लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रण करणाऱ्यांची संस्था निघाली. १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज नावाच्या तोफखान्यातील अधिकाऱ्याला मुंबई इलाख्यातील जुन्या इमारती टिपण्याच्या कामावर नेमले. त्या काळी काचेवर ओला लेप चढवून चित्र घेण्याची पद्धत चालू झाली होती. लेप ओला आहे तोवरच चित्र घ्यायचे, आणि तिथल्या तिथे काळोख्या तंबूत ते धुवायचे. म्हणजे काचा, औषधे, पाणी आणि तंबू, सगळा संसार बरोबर न्यायचा.

मेजर रॉबर्ट गिल यांची हकीकत तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रे हुबेहूब उतरवून घेण्यासाठी १८४४ साली त्यांची नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी मोठमोठी रंगचित्रे तयार केली व ती लंडनला गेली. तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आग लागली आणि त्यांतली बहुतेक चित्रे जळाली. पण गिलसाहेबांनी मधल्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली, त्यांच्या अनेक प्रती झाल्या, आणि म्हणून ती टिकली. एकच प्रत असली की एका आगीत जाते. दहा ठिकाणी दहा प्रती असल्या की एखादी तरी उरते.

आता प्रत्यक्ष वाटेला लागू. नमुन्यादाखल पुणे ते नाणेघाट ही वाट घ्या. पुण्याहून जुन्नर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, आणि तिथून घाटमाथा आणखी तीस-पस्तीस. नाशिक रस्त्याने निघालो की राजगुरुनगरजवळ भीमा लागते, पुढे घोड, आणि नारायणगावला मीना. ह्या साऱ्या नद्या पश्चिमेला सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात. प्रत्येक नदीचे एकेक चित्र घेतले, तर पाण्याने हा मुलूख कसा कोरला आहे हे मुलांना नकाशापेक्षा लवकर उमगते. मात्र वाहन बाजूला नीट उभे करावे आणि मगच कॅमेरा काढावा.

जुन्नर सोडून पश्चिमेकडे आपटाळे, चावंड, घाटघर अशी गावे मागे पडू लागली की वस्ती विरळ होते आणि डोंगर अंगावर येतात. ह्या डोंगरांकडे जरा निरखून पाहा. कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशा पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. त्यांतला टणक थर कडा होऊन उभा राहिला आणि मऊ थर झिजून उतरता झाला. पावसाळ्यात धुके आणि हिरवळ यांखाली ह्या पायऱ्या झाकल्या जातात. माघ-फाल्गुनात गवत वाळले की डोंगराची हाडे उघडी पडतात. म्हणजे ज्या दिवसांत हा मुलूख उजाड वाटतो, तेच दिवस त्याची घडण टिपायला चांगले.

पावसाळ्यातही एक नवल दिसते. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून वर चढतो, आणि जोर असला तर कड्यावरून पडणारे पाणी तो उलटे वर उडवतो. ते पाहावे, पण लांबून. निसरड्या कड्यावर चित्रापायी जीव धोक्यात घालू नये.

आता उजेडाचे गणित. जुन्नरहून नाणेघाटाकडे जाताना आपण पश्चिमेला तोंड करून असतो. सकाळी निघालात तर सूर्य पाठीशी राहतो आणि समोरचे चावंड, जीवधन हे किल्ले उजळून निघतात. दुपार कलल्यावर परत फिरलात तर सूर्य पुन्हा पाठीशीच! ऐन दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावल्या पायाशी गोळा होतात आणि डोंगर सपाट दिसू लागतो. ती वेळ भाकरी खाण्याची समजावी.

लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा त्याचे किरण दर्शनी भागावर तिरपे येतात व खांबांवरचे कोरीवकाम उठून दिसते. आतून बाहेर पाहत चित्र घेतले तर बाहेरचे पांढरेफटक आणि आतले काळेकुट्ट येते. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर ज्या भागाचे चित्र हवे, तिथे बोट टेकवावे. कॅमेरा उजेड त्या मानाने घेतो. गिरिजात्मजाचे देवस्थान ह्याच लेण्यांत आहे. तिथे पूजाअर्चा चालते, तेव्हा आधी विचारावे आणि मग काढावे.

शिवनेरीवर तर सारेच जातात. शिवछत्रपतींचे हे जन्मस्थान, आणि २०२५ साली युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले, त्यांत त्याचे नाव आहे. त्याची चित्रे हजारोंनी निघतात. पण चावंडच्या पुढे पूर गावी कुकडीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचे कोरीव देऊळ आहे, तिकडे किती जण वळतात? जिथे गर्दी नाही, तिथेच आपल्या एका चित्राचे मोल अधिक.

आणि मग येतो नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर आणि पैठणकडे जाणारा हा प्राचीन व्यापारी मार्ग. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. शेजारच्या लेण्यात भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहनांचा मोठा लेख आहे. केलेले यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची त्यात आकडेवार नोंद आहे. आपल्या देशातील अंकांच्या इतिहासाला हा लेख मोठा आधार आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचा बारकाईने अभ्यास केला.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. वर नावे कोरलेली आहेत: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी आणि इतर. नावे आहेत, पण मूर्ती गेल्या! खाली पायांच्या काही खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या राजाराणीचे तोंड कसे होते, हे आता कोणीही सांगू शकत नाही. अक्षरेही वाऱ्यापावसाने झिजत आहेत. म्हणून आज जे दिसते ते आज टिपले पाहिजे.

अक्षरे उठून दिसावीत म्हणून कुणी खडू फासतात, कुणी पाणी ओततात. असे मुळीच करू नये. त्याने दगड खराब होतो, आणि खडू भरणाऱ्याची चुकलेली रेघ खरी समजून पुढचा फसतो. त्यापेक्षा जोडीदाराने विजेरी भिंतीच्या कडेला, जवळजवळ भिंतीला समांतर धरावी. तिरप्या उजेडात खोदलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरते आणि अक्षर आपोआप वाचता येते.

एकेका स्थळाची तीन चित्रे घ्यावीत: एक लांबून, म्हणजे जागा कळेल, एक मधून, म्हणजे वास्तू कळेल, आणि एक जवळून, म्हणजे बारकावा कळेल. जवळच्या चित्रात फूटपट्टी ठेवावी, नाहीतर विटेएवढा दगड आणि खांबाएवढा दगड सारखेच दिसतात. लगेच वहीत लिहावे: गाव, जागा, तारीख, वेळ आणि तोंड कोणत्या दिशेला. गावातल्या जाणत्या माणसाने काही सांगितले तर तेही लिहावे, मात्र ‘अमुक म्हणतात’ असे स्पष्ट करून. वाटेत मेंढरे घेऊन चाललेला धनगर भेटला, तर आधी रामराम करून त्याची परवानगी घ्यावी.

मोबाइलमधल्या चित्रासोबत तारीख आणि कधी कधी जागाही आपोआप नोंदलेली असते. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून ते पाठवले की आकार घटतो आणि ही नोंद गळून पडते. म्हणून मूळ चित्र वेगळे जपावे, दुसऱ्या ठिकाणी त्याची प्रत ठेवावी, आणि निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत.

गुरुजनांना शेवटी एक विनंती. नाणेघाट सर्वांनाच जवळ नाही. पण वेशीवरचा वीरगळ, पायऱ्यांची जुनी विहीर, पडायला आलेला वाडा आणि पार असलेला वड जवळपास प्रत्येक गावात आहे. रस्ता रुंद होतो, धरणाचे पाणी चढते, आणि ह्या गोष्टी एका वर्षात दिसेनाशा होतात. सातवी-आठवीच्या मुलांना एक शनिवार द्या. एकाने चित्र घ्यावे, एकाने फूटपट्टी धरावी, एकाने वहीत लिहावे, एकाने म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावे. छापलेली चित्रे नोंदींसह वहीत चिकटवून एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून तेच चित्र पुन्हा घ्या, म्हणजे गावात काय बदलले ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.