छंदाचे मासिक मोबाइलवर : डोळे सांभाळून वाचूया

विणकामाचा नवा नमुना, बुद्धिबळाचे कोडे, कुंडीतल्या गुलाबाची छाटणी, क्रिकेटच्या गप्पा. आवडीचे मासिक हाती आले की दिवसभराचा शीण उतरतो. पण महिन्याचा हिशेब जुळेना झाला की सर्वांत आधी मासिकच बंद होते. अशा घरांना आता मोबाइलचा आधार आहे. ‘बालभारती’ने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ज्यांच्या लहानपणी घरात एकही अंक आला नाही, ते आजी-आजोबा आज मुकुंदवाडीत किंवा भावसिंगपुऱ्यात नातवंडाला शेजारी घेऊन तेच अंक उघडू शकतात. ही संधी सोडू नये, असे आम्हाला वाटते. मात्र डोळे, मान आणि झोप यांची काळजी घेऊनच ती घ्यावी.

त्रास कशाने होतो?

मोबाइलमुळे मोतीबिंदू होतो, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. पडद्यावर वाचताना त्रास होतो तो मुख्यतः कोरडेपणाचा. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण बरेच कमी होते. डोळ्यांवरचा ओलावा सुकतो, चुरचुरते, अंधुक दिसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत सरळ तोंडावर येत असेल तर हा त्रास आणखी वाढतो. म्हणून कूलरसमोर बसून वाचू नये. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे, खिडकीबाहेरच्या झाडाकडे म्हणा, २० सेकंद पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात.

चाळिशी लागली असेल तर

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे बारीक अक्षर दिसेनासे होते. येथे डिजिटल अंकाचा मोठा फायदा आहे, कारण अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पण स्कॅन केलेले मोठे पान मोबाइलवर मुंगीएवढे दिसते. मग आपण मोबाइल नाकाजवळ आणतो आणि मान वाकवतो. त्याऐवजी मोबाइल आडवा धरावा, एकेक रकाना मोठा करून वाचावा. पडदा डोळ्यांपासून सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन विती लांब असावा. हात टेबलावर किंवा उशीवर टेकवावेत, म्हणजे मान खाली झुकत नाही. विहाराच्या वाचनालयात संगणक असेल तर ज्येष्ठांसाठी अंक त्याच्या मोठ्या पडद्यावर उघडून द्यावा.

काय पडद्यावर, काय कागदावर?

२०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीचा मजकूर कागदावर वाचला तर अधिक चांगला समजतो, गोष्टींच्या बाबतीत मात्र तसा फरक पडत नाही, असे त्यात दिसून आले. तेव्हा कथा खुशाल मोबाइलवर वाचाव्यात. विणकामाचे टाके मोजायचे असतील किंवा पाककृती पाहून पदार्थ करायचा असेल, तर तेवढे पान झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणावे. पुन्हा पुन्हा पडदा उजळवण्याचा त्रास वाचतो, पिठाचे हातही मोबाइलला लागत नाहीत.

रात्रीचे वाचन

कामावरून आल्यावर अंथरुणात अंक उघडणारे पुष्कळ आहेत. छापील मासिक शेवटच्या पानाशी संपते. मोबाइलवर मात्र मध्येच निरोप येतो, त्यामागून व्हिडिओ सुरू होतो आणि बारा वाजतात. तेजस्वी पडद्याने झोपही लांबते. वाचायला बसताना इंटरनेट बंद ठेवावे. त्यासाठी अंक आधीच उतरवून घ्यावा. खोलीत दिवा लावून वाचावे आणि झोपण्याच्या तासभर आधी मोबाइल बाजूला ठेवावा. ज्यांची पाळी पहाटेची आहे, त्यांनी हे विशेष पाळावे.

मुलांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ पडदा पाहू नये, त्याहून कमी असेल तर चांगलेच. एक वर्षाच्या बाळाला तर पडदा दाखवूच नये. शाळकरी मुलांना रोज उघड्यावर खेळू द्यावे. दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण कमी आढळते. मासिकातला प्रयोग मोबाइलवर पाहून झाला की तो अंगणात करायला लावावा.

एवढे करूनही डोके दुखत असेल, अक्षरे दोन दोन दिसत असतील किंवा डोळे लाल राहत असतील, तर दुकानातून मनाने थेंब आणून घालू नयेत. घाटी रुग्णालयाच्या नेत्ररोग विभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी. मधुमेह असणाऱ्यांनी त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करावी. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर नवा चष्मा घ्यावा आणि मग पुढचा अंक उघडावा.