१०६० बदलायचं की ठेवायचं?

जुलै २०१६मध्ये एनव्हिडियाने 'जीटीएक्स १०६०' हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं. सहा जीबी मेमरी, जेमतेम १२० वॅट वीज आणि मध्यम बजेटमध्ये बसणारी किंमत, यामुळे ते घरोघरच्या गेमरचं कार्ड झालं. गेम विकणाऱ्या स्टीमच्या मासिक पाहणीत वर्षानुवर्षं सर्वाधिक संगणकांमध्ये हेच सापडायचं. २०२२च्या अखेरीस त्याचा पहिला क्रमांक गेला, पण आजही ते चालू स्थितीत अनेकांकडे आहे. ते बदलायचं का, याचं उत्तर त्याच्या वयावरून ठरवू नये. ते नेमकं कशात कमी पडतंय, हे आधी शोधावं.

वेग कमी पडत असेल तर घाई नको. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. जुन्या कार्डला ते जमेनासं झालं, तरी सावल्या आणि प्रतिबिंबांच्या सेटिंग एकेक पायरी खाली आणल्या की बराच वेग परत मिळतो. लहान चित्र तयार करून ते मोठं करणारं एएमडीचं 'एफएसआर' तंत्रही १०६०वर चालतं. एनव्हिडियाच्या स्वतःच्या 'डीएलएसएस'ला मात्र आरटीएक्स कार्डच लागतं. प्रतिस्पर्धी कंपनीच्या तंत्राने या कार्डाला आयुष्य वाढवून दिलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मेमरी कमी पडली की लक्षण वेगळं दिसतं. फ्रेमची सरासरी चांगली असते, पण वळताना, नव्या भागात शिरताना गेम अडखळतो. टेक्स्चर कार्डावर मावत नाहीत, म्हणून ती संगणकाच्या रॅममधून पुन्हापुन्हा आणावी लागतात. अशा वेळी टेक्स्चरची सेटिंग उतरवून पाहावी. १०६०ची तीन जीबीची आवृत्ती याच कारणाने लवकर थकली. नाव तेच असलं, तरी तिच्यात कोअरही १२८०ऐवजी ११५२च होते.

तिसरा प्रकार, म्हणजे गेमला लागणारी सोयच कार्डात नसणं, मात्र निर्णायक. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या 'ॲलन वेक २'ची रचना मेश शेडर या चित्र रेखाटण्याच्या नव्या पद्धतीवर उभी होती आणि १०६०मध्ये ती सोयच नाही. मार्च २०२४च्या अपडेटने त्या गेममध्ये जुन्या कार्डांना थोडा दिलासा मिळाला. पण डिसेंबर २०२४च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र तयार करणारं हार्डवेअर अनिवार्यच आहे. इथे कुठलीही सेटिंग कामाला येत नाही. त्यात एनव्हिडियाने १०६०च्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५पर्यंतच ठेवलं, पुढे ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. तुम्हाला खेळायचे गेम अशा यादीत असतील, तर कार्ड बदला. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ यांवरच समाधान असेल, तर पैसे राखून ठेवा.

पण आधी दोष कार्डाचाच आहे ना, ते तपासा. गेमचं रिझोल्यूशन बरंच खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमलंय. जवळपास तितक्याच राहिल्या तर बहुधा प्रोसेसर अडवतोय, आणि नवं कार्ड घेऊनही फार फरक पडणार नाही. धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्टही पाहा. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते, कार्ड गरम होऊन आपला वेग आपणच उतरवतं. साफसफाईचा खर्च नव्या कार्डापुढे किरकोळ आहे.

बदलायचंच ठरलं, तर मदरबोर्ड आणि वीज पुरवणारा एसएमपीएस यांचा विचार आधी करा. आरटीएक्स ४०६० बोर्डाशी बोलायला आठच पीसीआय लेन वापरतं. पीसीआयच्या तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्या लेनचा वेग निम्मा होतो आणि कार्डाची आठ जीबी मेमरी भरली की ते जाणवतं. इंटेलच्या बी५८० कार्डात बारा जीबी आहेत, पण कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम खुली करणारी 'रिसायझेबल बार' ही सोय बोर्डाला नसेल तर ते बरंच मागे पडतं.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून जुनं कार्ड घेत असाल, तर ते क्रिप्टो मायनिंगला वापरलं होतं का, हे स्पष्ट विचारा. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात आली. एखादा जड गेम अर्धा तास समोर चालवून तापमान बघा, पंख्याचा आवाज ऐका, आणि मगच पैसे द्या.